पडद्याच्या डाव्या कडेला

"मंदार, तुमच्या शोमधूनच फुटलाय सिनेमा."

फोनवर दिग्दर्शिका शेफाली होती. एरवी ख्यालीखुशाली विचारल्याशिवाय न बोलणारी बाई, आज तिनं नमस्कारही घेतला नाही. सिनेमाचा शेवट सकाळपासून मोबाईलवर फिरत होता. पडद्यावरचं ठिगळ स्पष्ट दिसत होतं, आणि असलं ठिगळ भोरच्या हॉलशिवाय कुठे नव्हतं.

"कोणी केलं ते आज कळलं नाही, तर कंपनी पोलिसांत तुमचं नाव देणार."

मंदार भोरात विमा कचेरीत कारकून होता. पण ते पोटासाठी. जीव होता प्रदर्शनाआधीच्या खेळांत. लोकांनी पाहायच्या आधी आपण सिनेमा पाहायचा आणि मग गालातल्या गालात हसत गावभर फिरायचं, या सुखासाठी तो एसटीनं पुण्याच्या वाऱ्या करायचा. शेफालीचा सिनेमाही त्यानं तिथेच आधी पाहिला होता. तो राजगडाखाली चित्रित झालेला. म्हणून गर्दीत कामं केलेल्या गावकऱ्यांसाठी भोरात एक आगाऊ खेळ ठेवा, असा त्यानं तिच्यामागे लकडा लावला. मोबाईल आत न्यायचे नाहीत, या अटीवर ती कबूल झाली. दारात टोपली घेऊन मंदार स्वतः उभा राहिला. पोरासोरांचे खिसे चाचपले, म्हाताऱ्यांना हात जोडून आत सोडलं.

आता हे निस्तरायचंही त्यालाच होतं. त्यानं हॉल गाठला. प्रोजेक्टर चालवणारा कुमार आधीच घामाघूम झाला होता.

"केबिनमध्ये तुझा मोबाईल होता?"

"होता. पर क्लिप बगा की! खालनं काढलीया. माजी केबिन माडीवर."

"पहिल्या रांगेतून?"

"त्याच्याबी फुडनं. सतरंजीवरनं."

"सतरंजीवर कोण होतं?"

"गुंजवण्याच्या वरच्या वस्तीवरची मानसं. पर त्यांच्यातलं कोन करनार असलं?"

मंदारनं क्लिप पुन्हा लावली. डोंगराच्या धारेवर हिरो उभा आहे, शेजारून मेंढरांचा कळप उतरतो. पण हिरो जेमतेम अर्धा दिसत होता. मधोमध होता तो पडद्याच्या डाव्या कडेचा म्हातारा मेंढका. खालच्या बाजूला काळे, राठ केस आडवे आले होते. मध्येच बाईचा बारीक आवाज आला, "आवं!" आणि कळप उतारावर असतानाच चित्र खाली कलंडून अंधार झाला.

"डायलॉग असंल," कुमार म्हणाला.

"या प्रसंगात डायलॉग नाही. नुसता वारा आहे." मंदारनं लगेच शेफालीला फोन लावला. "तुम्ही या. वस्तीवर जायचंय."

दुपारी गाडी वस्तीवर पोहोचली. खेळाला घोंगडं पांघरून आलेल्या म्हाताऱ्या धोंडाबाई अंगणात करडं बांधत होत्या. त्यांनी घोंगडं अंथरलं, पण शेफाली बसली नाही. मंदार बोलायला लागला, आणि खरं सांगायचं तर त्याला मजा येत होती. आयुष्यभर पडद्यावर पाहिलेला शेवटचा उलगडा आज त्याच्या वाट्याला आला होता.

"चोरून विकणाऱ्यानं हिरोला असं अर्धं कापलं नसतं. काढणाऱ्याला हिरो नकोच होता, डाव्या कडेचा मेंढका हवा होता. 'आवं' ही हाक सिनेमात नाही, ती हॉलमधली आहे. आणि बाई अशी हाक एकाच माणसाला मारते. तो मेंढका म्हणजे गेनूबा, तुमचे मालक; गर्दीतल्या माणसांच्या यादीत नाव आहे त्यांचं. क्लिपमध्ये खाली दिसतात ते केस या घोंगड्याचे. मोबाईल त्यात होता. मी दारात पोरांचे खिसे चाचपले, पण तुमच्याकडे मोबाईल असेल असं माझ्या मनातसुद्धा आलं नाही."

धोंडाबाईंनी करडाची दोरी सोडली नाही.

"व्हय. म्याच काढलं."

"कुणी पैसे दिले?" शेफालीनं विचारलं.

"पैसं कशाचं, बाई? शूटिंग झालं आन् पंधरवड्यात ह्ये गेलं. घरात ह्येंचा फोटू न्हाई. आधारकार्डावर तर वळखूबी येत न्हाईत. आता वरसाचं सराध आलंय. भावकी मेंढरं घिऊन कोकनात उतरलीया, तिकडं पुतन्याच्या मोबाईलवर धाडलं. म्हनलं, समद्यांना दिसू द्या एकडाव."

शेफाली खाली बसली. म्हणाली, "आजी, तो प्रसंगच कंपनीनं सकाळी काढून टाकला. शेवट फुटला ना. आता दुसरा शेवट जोडणार आहेत. आणि क्लिप पुसायची आहे. नाहीतर केस होईल."

"म्हंजी ह्ये पडद्यावर आता न्हाईत?"

"नाहीत."

"पुतन्याच्या मोबाईलवरचं?"

"तेही पुसावं लागेल." मग ती मंदारकडे वळली. "तुमचं नाव पोलिसांत जाणार नाही. पण यापुढे कुठल्या शोला बोलावणंही येणार नाही."

 मंदारची मघाची मजा कुठल्या कुठे गेली होती आणि लाज तेवढी उरली होती.

धोंडाबाईंनी कनवटीचा मोबाईल काढून त्याच्यापुढे धरला. "तुमीच पुसा. दारात पोलीस नगं."

खरंच पुसायचं का, असं मोबाईलनं एकदा विचारलं. मंदारनं 'हो' दाबलं.

"सायेब, येक सांगा," धोंडाबाई म्हणाल्या. "तुमी पिच्चर दोनदा बगितला न्हवं? उतारावर माजं डोळं भरलं, हात खाली गेला. फुडं काय केलं ह्येंनी? मागं वळून बगितलं का?"

मंदारला सगळा सिनेमा पाठ होता. हिरोच्या सदऱ्याचं कितवं बटण तुटलंय, तेसुद्धा त्याला ठाऊक होतं. त्या घडीला दोन्ही खेळांत तो हिरोकडेच पाहत होता.

"हो," तो म्हणाला. "पाहिलं की वळून."

धोंडाबाई त्याच्याकडे बघत राहिल्या. रागावल्या मात्र नाहीत.

"ह्ये कवाच मागं वळून बगायचं न्हाईत, सायेब," त्या म्हणाल्या, आणि करडाची दोरी खुंटीला बांधू लागल्या.