तळ्याचं विरजण

आत्याने उकडलेल्या तिसऱ्यांतला एक शिंपला उघडला, आतला नखाएवढा कण पाहिला आणि तो भावाच्या ताटात सरकवला. "घे. तुझ्या श्रीमंत तळ्यांची गरीब शेजारीण."

दत्ताराम तांडेल हसले. कोळंबीची तळी काचेसारखी झाल्यापासून ते कशालाही हसत. तळाचा गाळ फस्त करणारे जिवाणू त्यांच्याच लेकीने, हेमांगीने घडवले होते आणि हे ते गिऱ्हाइकाला कोळंबीच्या दराच्याही आधी सांगत.

हेमांगी मात्र शिंपल्याकडे बघत राहिली. तिसऱ्या खाडीच्या गाळावर जगतात. तिथला गाळ कोण खातंय?

तिचे जिवाणू तळ्याबाहेर तगत नव्हते आणि त्यांचं गाळ पचवणारं जनुक दुसऱ्याच्या उपयोगाचं नव्हतं. बहुतेक सगळे सजीव जनुकं एकाच लिपीत वाचतात. 'इथे थांब' असे काही संकेत त्या लिपीत असतात. तिने त्यातल्या एकाचा अर्थ बदलला होता: थांबू नको, प्रथिनाच्या माळेत आणखी एक मणी ओव. इतर कुणी ते जनुक उचललं तर मध्येच थांबणार, माळ अर्धवट. अपवाद झालरीसारख्या केसांनी पोहणाऱ्या काही एकपेशीय जीवांचा. ते हा संकेत युगानुयुगं तिच्यासारखाच वाचत आले आहेत. म्हणून तर जिवाणू सोडण्याआधी तळं ब्लीचिंगने धुऊन हे जीव मारण्याचा नियम होता.

दुपारी तिने खाडीचं पाणी खिशातल्या जनुकवाचकात घातलं. झालरवाल्यांच्या पेशींत तिचंच जनुक होतं, चालू.

"बाबा, ब्लीचिंग केलं होतंत ना?"

"केलं की."

"नंतर पाण्यात काही घातलंत?"

"विरजण. जुन्या तळ्यातलं बादलीभर पाणी. कोऱ्या पाण्यात कोळंबी धरत नाही, सगळेच घालतात."

"त्या बादलीतूनच झालरवाले परत आले. मला का नाही सांगितलंत?"

"दह्याला विरजण लावलं, हे कुणी सांगत बसतं का?"

हेमांगीने मोबाइल काढला. "मत्स्यखात्याला कळवावं लागेल. हे जिवाणू सोडलेली सगळी तळी बंद होतील. आपलीही."

दत्ताराम उठले, बांधावर गेले आणि खाडीकडे पाणी सोडायचं फाटक स्वतःच्या हाताने खाली पाडलं.

आत्याने तिसऱ्या वेचायची रिकामी पाटी उचलली. ओहोटी लागली होती.

"फाटक लावलं ते बरं झालं," ती म्हणाली. "पण जे आधीच बाहेर गेलेत, त्यांचं पोट कधी भरतं गं, हेमा?"