मॅटवरची चमक

“उल्का, माझी खिडकी बंद दिसली की अर्ध्या तासाने एक हाक मारत जा,” आगाशेकाका म्हणाले होते. “माझ्या छोट्या विमानांवरचा ग्लॉस, तो चकचकीत रंग गं, वाळेपर्यंत ती लावून ठेवावी लागते, नाहीतर धूळ चिकटते. पण मग थिनरचा वास डोक्यात जातो. एकटा माणूस मी.”

“काका, तुमच्या खिडकीवर लक्ष ठेवू की हिच्यावर?” कडेवरच्या दोन वर्षांच्या मैनाला सावरत उल्का हसली होती.

मंगळवारी दुपारी साडेबाराला बोळापलीकडची ती खिडकी बंद होती. उल्काने पाहिलं. वास येऊ नये म्हणून तिने स्वतःचीही लावून घेतली आणि मैनाला झोपवलं.

पाच वाजता फोन आला. वाघोलीहून काकांचा पुतण्या श्यामसुंदर बोलत होता.

“काका फोन उचलत नाहीयेत. तुमच्याकडे किल्ली आहे ना? जरा बघता का?”

काका टेबलाशेजारी पडले होते. कानामागे रक्त सुकलेलं. थिनरची बाटली आडवी. टेबलावर वर्तमानपत्र, त्यावर वीतभर लांबीचं राखाडी लढाऊ विमान आणि शेजारी रंग फवारायचा एअरब्रश. काकांनी दोन महिने खपून जोडलेलं, रंगवलेलं ते विमान.

उपनिरीक्षक संभाजी जगदाळेंनी खोलीवर एक नजर फिरवली.

“बंद खोली, थिनर, चक्कर, टेबलाचा कोपरा. अपघात दिसतोय, ताई.”

“किती वाजता पडले असतील?”

“डॉक्टर म्हणतात, बाराच्या सुमारास. लगेच गेले नाहीत. दोनेक तास जीव होता.”

उल्काने मैनाला घट्ट धरलं.

दारात सोसायटीचे सेक्रेटरी बाळ दांडेकर उभे होते. “मी शंभरदा बजावलं होतं. रंग मारताना खिडकी लावून बसतात, म्हणे धूळ बसते! पण ऐकतील तर ते आगाशे कसले?”

“तुम्ही इथे शेवटचे कधी आलात?” जगदाळेंनी विचारलं.

“मीटिंग झाली त्या दिवशी. पंधरा दिवस झाले. पुनर्विकासाला तेवीस जणांनी सह्या दिल्या, यांनी नाही. मग यायचं कशाला, विमानं बघायला?”

मग श्यामसुंदर आला. काकांना दुसरं कोणी नव्हतं. घर आता त्याचं होणार होतं. उल्काच्या मनात शंका आली आणि तिची तिलाच लाज वाटली.

“दुपारी कुठे होतात?” जगदाळेंनी त्याला विचारलं.

“घरी.”

“सोबत कोण होतं?”

“कोणी नाही. विमानच रंगवत होतो, काकांनीच शिकवलंय. त्यांचा सव्वाअकराचा हा मेसेज बघा.”

फोटोत तेच विमान खिडकीजवळच्या फळीवर वाळत होतं. मागे खिडकी सताड उघडी. खाली लिहिलं होतं : ‘शेवटचा मॅट मारला. आता उद्यापर्यंत हात लावायचा नाही.’

उल्काने फोटो मोठा करून पाहिला. मग टेबलावरच्या विमानापाशी वाकली. फोटोत पंख सगळीकडे सारखा, खडूसारखा कोरडा, बिनचमक दिसत होता. इथे त्याच्या टोकाशी एक लंबगोल डाग होता. तेवढाच चमकत होता.

मागे एकदा मैनाने असंच एक ताजं विमान पकडलं होतं. काका रागावले नव्हते. “मॅट ताजा असताना हात लागला की दबतो गं, आणि दबला की चमकतो. वरून पुन्हा एक हात मारला की झालं.”

“साहेब,” ती म्हणाली, “या विमानाला कोणाला हात लावू देऊ नका.”

दोन दिवसांनी जगदाळेंनी त्याच खोलीत सगळ्यांना बोलावलं.

“ताई, मला सांगितलंत ते यांनाही सांगा.”

उल्काने मैनाला दुसऱ्या कडेवर घेतलं. “काका खिडकी बंद करायचे, पण फक्त ग्लॉस मारला की. ग्लॉस तासन्‌तास चिकट राहतो, धूळ धरतो. मॅट आतून दिवसभर मऊ असला तरी वरून पाच-दहा मिनिटांत सुकतो, त्याला खिडकी उघडीच. मंगळवारी मॅट होता. फोटोत खिडकी उघडी आहे. मग ती लावली कोणी?”

जगदाळेंनी तिला पुढे बोलायची खूण केली.

“ज्याला काकांची सवय अर्धीच ठाऊक होती त्याने. अपघात वाटावा म्हणून थिनर सांडलं, फळीवरचं विमान उचलून टेबलावर आणलं. श्यामसुंदर असता तर त्याने ही चूक केली नसती. ताज्या मॅटला तो बोटही लावणार नाही.”

“वा!” दांडेकर हसले. “विमानाची चमक बघून खुनी ओळखायचा. दुपारची झोप येत नाही वाटतं?”

“झोप येत नाही, खरंय.” उल्काचा आवाज चढला नाही. “त्या चमकेत अंगठ्याच्या रेषा आहेत. सव्वाअकराला तो डाग नव्हता. तुम्ही तर पंधरा दिवस इथे आलाच नव्हतात ना?”

जगदाळेंनी शाईचा पॅड पुढे सरकवला. “अंगठा द्या, दांडेकर.”

दांडेकरांचा हात नकळत खिशात गेला.

“सहीच मागायला आलो होतो. नाही म्हणाला. नुसतं ढकललं हो मी... वाटलं, उठेल.”

“उठतील वाटलं, तर खिडकी का लावलीत?” उल्काने विचारलं.

दांडेकरांनी बोळापलीकडच्या तिच्या खिडकीकडे पाहिलं.

“कण्हत होता,” ते म्हणाले. “समोर ऐकू गेलं असतं.”

पोलीस त्यांना घेऊन गेले. श्यामसुंदरने हात जोडले, आभार मानले. उल्काला ते ऐकवेनात. तिची आणि काकांची खिडकी यांत फार तर दहा फुटांचा बोळ होता. एक हाक मारली असती आणि ओ आली नसती, तर किल्ली हातात घेऊन दार उघडायला दोन मिनिटं लागली असती. काकांकडे दोन तास होते.

आता रोज दुपारी, मैना झोपली की ती आपली खिडकी उघडते आणि वरच्या मजल्यावर एकट्या राहणाऱ्या आनंदीबाईंना हाक मारते. त्या कधीकधी वैतागतात. “जिवंत आहे गं अजून!” म्हणतात. ती ऐकून घेते.

तुमच्याही समोर, वर, शेजारी कोणीतरी एकटं राहत असेल. कधीतरी “जरा लक्ष ठेव गं” असं सहज म्हणून गेलेलं. त्यांची खिडकी आत्ता कशी आहे, बघून या. बंद असेल तर हाक मारा. ओ आली नाही, तर माझ्या उल्कासारखी आपलीही लावून घेऊ नका. दार वाजवा.