येते म्हणा, मांजी

माणसाला भीती कशाची बसेल याचा काही नेम नाही. कुणाला विंचवाची बसते, कुणाला विहिरीची. सोमेश्वरला एका शब्दाची बसली होती. शब्द साधा, घराघरात वापरायचा: जाते. त्याची आई टेंभुर्णीला निघाली तेव्हा दारात वळून "जाते रे" म्हणाली आणि जालन्याच्या बसस्टँडवरच छातीत कळ येऊन गेली. लोक म्हणाले, वेळ आली होती. सोमेश्वर म्हणाला, ती येते म्हणाली असती तर आली असती. तेव्हापासून घरात कुणाच्या तोंडून जातो-जाते निघालं, की हा हातातला घास खाली ठेवायचा आणि शब्द बदलून घेतल्याशिवाय पुन्हा उचलायचा नाही.

बायको, तृप्ती, त्याला हसायची. वडील हसत नसत. कडूबा अंथरुणाला खिळून दिवस मोजत होते आणि त्यांना खरंच जायचं होतं.

"सोम्या, लई झालं रे. जातो आता."

"जातो म्हणू न्हाई, बाबा. येतो म्हणावं."

"बरं, येतो," म्हणत म्हातारा भिंतीकडे तोंड करायचा. सोमेश्वरला त्याचंही समाधान वाटायचं. बाप अजून ऐकतोय, म्हणजे बाप अजून आहे.

सोमेश्वरची नोकरीही अशीच, धरून ठेवायची. शहराच्या जुन्या वस्तू तो सांभाळायचा. संग्रहालयाची इमारत व्हायची होती, ती होईपर्यंत सगळा पसारा एका बंद पडलेल्या कापसाच्या जिनिंगच्या गोदामात होता. उर्दू-मराठी अक्षरांच्या दुकानांच्या पाट्या, हातभर उंचीच्या समया, घोड्याची खोगिरं, सरकीचा वास अजून न सोडलेले तराजू. तांब्याला डाग पडू द्यायचा नाही, कापडाला कसर लागू द्यायची नाही, लाकडाला वाळवी शिवू द्यायची नाही. आहे ते आहे तसं थांबवायचं. हे काम त्याला मनापासून आवडायचं, आणि तो ते चोख करायचा.

गोदामाच्या मधोमध एक चौकट उभी होती. सागवानी, उंबरठ्यासकट, वर वेलबुट्टी. गावातल्या एका जुन्या मारवाडी घराची. त्या घरच्या नातवाने, श्रेयांसने, घराच्या जागी दुकानांची इमारत उठवली आणि चौकट संग्रहाला दिली. आडवी ठेवली तर लाकूड पीळ खातं, म्हणून सोमेश्वरने ती विटांवर सरळ उभी केली आणि वाळवीसाठी पायथ्याशी, उंबरठ्यावर पांढरी पूड पसरली. भिंत नाही, घर नाही, नुसतं दार. तिच्यातून कुणी जात नसे. सगळे वळसा घालून जात.

उन्हाळ्यातल्या एका दुपारी श्रेयांसची आजी, पानबाई, ती चौकट बघायला आली. सोमेश्वर कापडांच्या घड्यांत कडुलिंबाचा वाळलेला पाला बदलत होता. म्हातारीने चौकटीला हात लावला, मग गाल लावला.

"ह्याच दारातून नवरी होऊन आल्ते, बेटा. एकदा बघायची होती. बघून झाली." लाखेच्या बांगड्या मागे सारत ती वळली. "बस. आता जाते."

सोमेश्वरच्या हातातला पाला तसाच राहिला. "मांजी, जाते न्हाई. येते म्हणा."

"कशाला येऊ? आता इथं माझं काय आहे? थकले मी."

"तरीबी म्हणा. आमच्यात तसं जाऊ देत न्हाईत."

"बेटा, मी बोललं ते मोडत न्हाई. जिंदगीत मोडलं न्हाई. म्हणून बोलायला नको."

"माझ्यासाठी म्हणा," सोमेश्वर म्हणाला. आईच्या वयाची बाई, आणि तोच शब्द. त्याला राहवेना.

म्हातारीने त्याच्याकडे बराच वेळ बघितलं. राग नव्हता तिच्या डोळ्यांत, कीव होती. "बरं. येते," ती म्हणाली.

"या," सोमेश्वर म्हणाला.

त्याच संध्याकाळी घरात पाणी पिता पिता पानबाई गेली. श्रेयांसने फोनवर सांगितलं, आजीला काही त्रास झाला नाही. सोमेश्वरला वाईट वाटलं. पण खरं सांगायचं तर त्याला थोडं बरंही वाटलं, की निदान आपल्याकडून तरी ती चांगला शब्द बोलून गेली. माणूस किती भोळा असतो बघा.

काही दिवसांनी, दुपारचीच वेळ, तो चौकटीपाशी नवी पूड टाकायला वाकला आणि तसाच राहिला. पुडीत पाऊल उमटलं होतं. अनवाणी, लहानसं, बाईचं. टाच गोदामाच्या दाराकडे, बोटं आतल्या अंगाला. त्याला वाटलं, कुणी झाडूवाली असेल. त्याने पूड सारखी केली. दुसऱ्या दुपारी पुन्हा पाऊल. तसंच, आत येणारं. रोज तो पूड सारखी करी आणि रोज ते उमटे. परतीचं पाऊल मात्र कधी उमटलं नाही.

मग बांगड्या वाजायला लागल्या. आधी एखादी, कपाटांच्या मागे, हलक्या हाताने काही सरकवावं तशी. पुढे पुढे एकाच वेळी इकडेही वाजायची आणि तिकडेही, समयांच्या रांगेत आणि खोगिरांच्या मांडणीत. दोन हातांत मावणार नाहीत इतक्या. गोदाम प्रशस्त होतं, तरी सोमेश्वर आता अंग चोरून चालायला लागला. वळताना आपला कोपर कुणाला तरी लागेल असं वाटायचं. घरी जेवण जाईना, झोपेतही तो बाजूला सरून जागा करून द्यायचा. तृप्तीने विचारलं तर म्हणायचा, उकडतंय.

एका दुपारी फाटकावरच्या भुजंगने त्याला हटकलं.

"साहेब, ती मारवाडी म्हातारी रोज कशाला येऊन राह्यली?"

सोमेश्वर फाटकातच थांबला. "कोण म्हातारी?"

"लाखेच्या बांगड्यावाली. रोज दुपारी आत जाती. बाहेर येताना काही दिसत न्हाई. मला वाटलं, मागच्या दारानं जात असंल."

"मागचं दार कुठंय, भुजंग?"

भुजंगने वळून गोदामाकडे बघितलं. गोदामाला एकच दार होतं, हे त्यालाही माहीत होतं.

त्या दिवशी बाहेर ऊन मी म्हणत होतं आणि लाइट गेलेली. सोमेश्वर आत शिरला तो श्वास कोंडूनच. पंखे थांबलेले, पत्रा तडतडत होता, आणि हवेत गुलाबपाण्याचा आणि जुन्या ओढणीचा वास इतका दाट होता, की जागा उरली नव्हती. रोज एक आली होती. रोज एक. आणि गेली एकही नव्हती.

तो चौकटीसमोर उभा राहिला. हात जोडले.

"मांजी... चुकलं माझं. जा तुम्ही आता. जा."

कुठेच काही हललं नाही. बांगड्याही नाहीत. मग अगदी कानाजवळ, थकलेल्या, समजावणीच्या सुरात कुणी बोललं.

"जा म्हणू न्हाई, बेटा... या म्हणावं."

आणि पाट्यांच्या मागून, कपाटांच्या वरून, समयांच्या रांगेतून, त्याच एका आवाजात, आधी दोन-चार आणि मग सगळीकडून, "या म्हणावं... या म्हणावं..."

सोमेश्वर धावत बाहेर आला, पण जिवाच्या भीतीने नव्हे. त्याला बाप आठवला होता. आज सकाळीच कडूबा म्हणाले होते, जातो रे. आणि आज सकाळीच याने दारातून मागे वळून, चपला पायात असताना, त्यांच्याकडून शब्द बदलून घेतला होता. जाऊ दे, रोजचंच आहे, म्हणून निघून आला होता. मोटरसायकल कशी चालवली ते त्याला पुढे कधी आठवलं नाही. डोक्यात एकच होतं: बापाला मोकळं करायचं.

तृप्ती उशाशी बसून चमच्याने पाणी पाजत होती. पाणी ओठांवरून ओघळत होतं. "मघापासून असंच करून राह्यलेत," ती म्हणाली.

सोमेश्वरने बापाचा हात दोन्ही हातांत धरला. हात अजून ऊबदार होता.

"बाबा, मी काही म्हणणार न्हाई. जातो म्हणा. तुम्हाला म्हणायचं होतं ना? म्हणा. जातो म्हणा."

कडूबांनी डोळे उघडले. कानांनी त्यांना कमी ऐकू यायचं, पण लेकाचं तोंड दिसत होतं, आणि हे तोंड असं जवळ आलं की काय म्हणायचं असतं ते त्यांना पाठ झालं होतं. शहाण्या लेकरासारखे ते हसले.

"येतो," ते म्हणाले. "म्हणलो ना? येतो."

मग हात सैल पडला.

सोमेश्वर रडला ते सगळ्यांनी बघितलं. का रडला ते कुणाला कळलं नाही. चिता रचली तेव्हा बापाची हिंडत्या-फिरत्या दिवसांतली काठी त्याने स्वतःच्या हाताने वर ठेवली. घरी चुलती, उषाबाई, हिने जीव गेला त्या जागी ताटात पीठ पसरलं, शेजारी दिवा ठेवला आणि ताटावर टोपली झाकली. आपल्यात करतात तसं. पिठात ज्याचं पाऊल उमटेल तो पुढचा जन्म.

सकाळी उषाबाईने टोपली उचलली आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

"माणसाचंच पाऊल हाय. पुण्यवान जीव. पुन्हा माणूसच होणार."

भावकी पुढे वाकली. कुणी हात जोडले. सोमेश्वर मात्र पाऊल कसलं ते बघत नव्हता. टाच दाराकडे होती आणि बोटं घराच्या आत. पावलाच्या बाजूला पिठात एक गोल खड्डा होता, काठीच्या टोकाएवढा.

तेवढ्यात ओट्यावर ठक् असं वाजलं. कुणी भेटायला आलं असेल असं समजून तृप्तीने स्वयंपाकघरातून, हातातलं काम न सोडता, आवाज दिला.

"या."