एका हाकेत

बसा पाहुणं, असे बाजंवर बसा. तुमचा ड्रायव्हर चाक घिऊन तेलगावला गेलाय, पंक्चर काढून तो परत यायला दिवस मावळंल. चहा ठेवलाय. फक्त एक इनंती हाय. तो आला की इथून त्याला हाक मारू नका. उठा, जवळ जा, खांद्याला हात लावा आन मग काय ते बोला. हसताय? हसा. मीबी हसलोच व्हतो. तेवढा कंदील इकडं सरकवा, लाइटीचा आमच्याकडं काय भरवसा न्हाई. ड्रायव्हर येईस्तोवर सांगतो.

गेल्या पावसाळ्याच्या शेवटी जमिनीच्या मोजणीचं काम व्हतं, म्हणून मी बीडला गेलतो. काम काय झालं न्हाई, साहेब जाग्यावर नव्हता. म्हणलं, आलोच हाय तर लेकीला भेटून जावं. आमची सायली तिथं क्लासला असती, डाक्टरकीच्या परीक्षेच्या. होस्टेलच्या दारात गेलो तर ही बया कुत्र्याचं पिल्लू छातीशी धरून उभी. कुण्या साहेबाची बदली झाली आन त्यानं ते सोडून दिलं म्हणे. गोल्डन रिट्रीव्हर. रंग आटीव खव्यासारखा, म्हणून हिनं नाव ठेवलं पेढा.

"पप्पा, इथं ठेवू देत नाहीत. माझी परीक्षा होईपर्यंत सांभाळाल ना? याला काही होऊ देऊ नका."

पाहुणं, तिची माय गेल्यापासून पोरगी मनापासून हसलेली मी बघितली नव्हती. त्या दिवशी हसली. पिल्लू पिशवीत घातलं आन यष्टीत बसलो. कंडक्टरसंग भांडण झालं ते वेगळंच.

आता हा आमचा आखाडा, शेतातली वस्ती बघा. गाव तिकडं लांब, आन आमी इथं शेतात. मी आन माझी म्हातारी माय, तुळजाबाई. तिन्ही बाजूंनी ऊस आन चौथ्या बाजूला हा रस्ता. कारखाना सुरू झाला की या रस्त्यानं ट्रॅक्टरमागं ट्रॅक्टर, डोंगराएवढा ऊस लादून. ते काय कुत्र्यामांजरासाठी ब्रेक मारीत न्हाईत. पेढ्या सा-सात महिन्यांचा झाला आन त्याला त्या ट्रॅक्टरांचं याड लागलं. एक दिवस पार चाकाला घासून गेला. मी घसा फुटस्तोवर ओरडतोय, पेढ्या, पेढ्या, पेढ्या... आन तो शेपूट हलवीत पुढंच. वाचला, नशीब त्याचं.

राती सायलीला फोन केला. ती म्हणली, "पप्पा, हाक मारली की यायला शिकवावं लागतं. लांब दोरी बांधायची. एकदाच हाक मारायची. आला की खायला द्यायचं, लाड करायचे. नाही आला तर दोरी हळू ओढून आणायचं. पण हाक एकदाच. दोनदा मारली की त्याला कळतं, पहिली हाक खरी नसते."

फोन स्पीकरवर व्हता. माय शेंगा फोडत बसली व्हती, तिचा हात तिथंच थांबला.

आमच्या हितं, पाहुणं, पहिल्या हाकेला कुणी ओ देत न्हाई. लहानपणापास्नं अंगात मुरलेलं असतं ते. उसात, रानात, तिन्हीसांजेला कुणी नाव घेतलं तर गप उभं राहायचं. दुसरी हाक आली तर जायचं. म्हणून आमची माणसं कुणालाबी हाक मारताना दोनदा मारतात. माय म्हणायची, "जित्तं माणूस दोनदा हाक मारतं. जे जित्तं न्हाई, त्याला दुसऱ्या हाकेपुरता दम पुरत न्हाई."

त्या राती ती एवढंच म्हणली, "हणमंता, मुक्या जीवाला एका हाकेवर यायला शिकवू नको."

मी उखडलो. "माय, कुत्रं हाय ते. त्याला तुझी भुतं काय करत्यात? ट्रॅक्टरखाली गेलं तर सायलीला तोंड दाखवू का मी?"

"कुत्र्याचं शेपूट नळीत घाल न्हाई तर कशात घाल," म्हणली, आन परत शेंगा फोडायला लागली. पण फोडलेले दाणे टरफलातच टाकत व्हती.

दुसऱ्या दिवसापास्नं मी बैलाचा कासरा घेतला. लांबलचक दोर, पेढ्याच्या पट्ट्याला गाठ मारली. पट्ट्याला घुंगरू व्हतं. सांज झाली, ऊन कललं की मी या बांधावर उभा राहायचो, उसाकडं तोंड करून. खिशात उकडलेली कलेजी. एकदाच, मोकळ्या गळ्यानं, "पेढ्याऽऽ!" आला की कलेजी, गालाला गाल, लाड. न्हाई आला की कासरा ओढायचा. आंघोळ घालायची असंल तर हाक मारायची न्हाई, रागवायचं असंल तर मारायची न्हाई. हाकेत कायम चांगलंच असलं पाहिजे, असं सायलीनं बजावलं व्हतं. शिवरात येईस्तोवर पेढ्या असा तयार झाला की तोंडातलं हाडूक टाकून यायचा. भरधाव ट्रॅक्टर समोरून जातोय आन मी एक हाक मारली तर जाग्यावर फिरायचा. ऊसतोडीच्या टोळीचा मुकादम त्रिंबक बघून म्हणला, "आरं हणमंता, बायको असं ऐकत न्हाई बे!" माझी छाती फुगली. खोटं कशाला बोलू.

मग एका सांजेला मी या बाजंवरच बसलो व्हतो. पेढ्या पायाशी. मी गप, माय गप. आन त्यानं कान टवकारले, उठला, आन पळत उसात. घुंगरू आत-आत जात ऐकू आलं आन थांबलं. मला वाटलं, ससा असंल. थोड्या वेळानं परत आला. जीभ ओठावरून फिरवीत, शेपूट हलवीत, कुणीतरी लाड केल्यावाणी. त्या राती भाकरीला तोंड लावलं न्हाई.

रोज तसंच व्हायला लागलं. एकदा मी मागं गेलो. सरीतून वाकून बघितलं तर पेढ्या बसलेला. मी शिकवलं तसाच, ताठ, मान वर करून, माणसाच्या तोंडाकडं बघावं तसा. समोर उसाच्या धाटांबिगर काय न्हाई. मग त्यानं तोंड पुढं केलं... आन चावायला लागला. वास आला मला. उकडलेल्या कलेजीचा न्हाई. जुन्या, बंद पडलेल्या हिरीतून येतो तसा, शेवाळाचा.

त्याला उचलून आणला. मायला सांगितलं.

"इतके दिस तू उसाकडं तोंड करून वरडत व्हतास," ती म्हणली. "कुत्रं यायला शिकलं... आन ते हाक मारायला."

तरीबी मला खरं वाटलं नव्हतं. दुसऱ्या सांजेला कासरा मनगटाला गुंडाळून बसलो. दिवस मावळला. ऊस एकदम गप झाला, पातं हलंना. आन मग आतून आली हाक.

"पेढ्याऽऽ!"

माझा आवाज, पाहुणं. माझाच. तोच हेल, तोच लाड. आन माझं तोंड मिटलेलं.

पेढ्यानं माझ्याकडं बघितलं. माझ्या ओठांकडं. एकदा उसाकडं, एकदा माझ्याकडं. आन सुटला. कासऱ्यानं माझ्या हाताची सालं निघाली, हे बघा, अजून वण हायेत. मनगटातून दोर निसटला तवा मी जिवाच्या आकांतानं ओरडलो, "पेढ्या! पेढ्या!"

तो थांबला. बांधावर थांबला, मान वळवून माझ्याकडं बघितलं. मीच शिकवलं व्हतं ना त्याला, खरी हाक एकच असती. दोनदा मारलेली ती हाकच न्हाई. तो माझ्याकडं बघून शेपूट हलवीत उसात शिरला.

कासऱ्याचं टोक मी बांधावर पकडलं. ओढलं तर हलकं आलं. पट्टा गाठीसकट परत आला. बक्कल लावलेलंच व्हतं. घुंगरू तेवढं नव्हतं.

ते दिवस मी कसे काढले, माझं मला ठाऊक. सायलीचा फोन यायचा, पेढा कसाय? मी म्हणायचो, मजेत हाय, झोपलाय. आन रोज सांजेला बांधावर जाऊन उभा राहायचो. आता मी दोनदाच हाक मारायचो, आमच्या रीतीनं. म्हणलं, कधीतरी ओळखंल, हा जित्ता माणूस हाय, हा माझा हाय. "पेढ्या... पेढ्या..." ऊस तोडून झाला तरी मारत राहिलो. त्रिंबकच्या टोळीला त्या फडात एक हाडूकसुद्धा गावलं न्हाई. माय दारातून म्हणायची, "पुरं कर, हणमंता. ज्याला ऐकू जायचं त्याला जात न्हाई, आन दुसरंच कुणी ऐकतंय." मी तिच्यावर खेकसायचो. लेकीला काय सांगू, ह्याच्यापुढं मला काय सुचतच नव्हतं.

परीक्षा झाली, सायली आली. सांगावंच लागलं. लई रडली पोरगी. मी जलमात कुणापुढं झुकलो न्हाई, पण तिच्यापुढं मान वर झाली न्हाई.

आता कालचं सांगतो. दिवस मावळला व्हता. मी गोठ्यात धार काढत व्हतो, सायली चुलीपाशी. चरवी घिऊन बाहेर आलो तर ही अनवाणी बांधावरून चाललेली, पीठ लागलेले हात तसेच. चरवी टाकली आन धावलो. तोंडातून नाव घेतलं न्हाई, खांदाच धरला. ती दचकली. समोर तोडलेल्या उसाचा नुसता गुडघाभर फुटलेला खोडवा, पाहुणं. ससा दडायला जागा न्हाई त्यात.

"कुठं चाललीस?"

"तुम्हीच बोलावलंत ना," ती म्हणली. माझ्याकडं बघत व्हती आन रंग उडत चालला व्हता तिचा. "पहिल्या हाकेला मी हलले नाही, पप्पा. आजीनं शिकवलंय ना. पण तुम्ही दुसऱ्यांदा मारलीत... म्हणून निघाले."

तिला घरात आणून कडी लावली. मायनं तिच्या हातावरचं पीठ पुसायला घेतलं. उजव्या तळव्यावर पीठच नव्हतं. चाटून साफ केल्यागत तळवा, ओला, आन त्याला शेवाळाचा वास. जित्याची खोड मेल्याबिगर जात न्हाई म्हणतात. मेल्यावर तरी जाती का, मला ठाऊक न्हाई.

सकाळच्या पहिल्या गाडीनं तिला बीडला धाडली. मायबी संगच गेली. आता मी एकटाच हाय, आन आज दिवसभर मी कुणाला हाक मारलेली न्हाई.

तो बघा, तुमचा ड्रायव्हर चाक घिऊन येतोय. उठा, पुढं होऊन गाठा त्याला. आन पाहुणं, इतका वेळ बसलात, चहा पिलात, तरी मी तुमचं नाव इचारलं न्हाई, ते मुद्दाम. सांगूबी नका. इथं तरी नका.