थंड भट्टीचा धूर

"पाच वाजता भट्टीला सील ठोकणार!" चिमणीचा छोटा मामेभाऊ शेंगदाणा धापा टाकत माडीवर आला. "बाबा नुसते बसून राहिलेत. सकाळपासून भट्टीसुद्धा पेटवली नाही!"

चिमणी हातातलं पुस्तक टाकून उठली. सुट्टी लागली की ती मामाकडे धावत यायची ती या बेकरीसाठीच. पहाटेचा खमंग वास, गरमागरम पाव आणि मामाची चेष्टामस्करी! आणि आता सील? काल सकाळी आठपासून गल्लीभर धूर कोंडला होता. माणसं खोकून खोकून बेजार झाली आणि नगरपालिकेच्या निरीक्षकांनी सरळ मामाच्या धुराड्याकडे बोट दाखवलं. भट्टी बंद म्हणजे बेकरीच बंद, हे छोट्या शेंगदाण्यालाही कळत होतं.

"पण डोंगरापलीकडे वणवा पेटलाय ना? त्याचाच धूर असणार!" चिमणी म्हणाली.

"निरीक्षक नाही म्हणतात." मामाचा थोरला, म्हणजे दादा, नोटीस घेऊन बसला होता. नोटिशीला उपग्रहाने काढलेलं चित्र जोडलेलं होतं. "धूर गावावर आलाय आणि वेळ लिहिलीय अडीच. म्हणजे वणव्याचा धूर आला दुपारी अडीचला. मग सकाळी आठचा धूर कुणाचा? आपला!"

तरीही त्याने कॉम्प्युटरवर कालची सगळी चित्रं उघडली. धुराचा करडा पट्टा डोंगर ओलांडून गावाकडे सरकताना दिसत होता.

"ए, हे चित्र बिघडलंय," शेंगदाणा मध्येच म्हणाला. "दुपारचा एक वाजला तरी गावावर अंधार?"

"गप रे, तुझं काहीतरीच..." दादा बोलता बोलता थबकला. खरंच की! अर्धं चित्र काळंकुट्ट होतं आणि उजेडाची कड नुकती कुठे गावाला टेकत होती.

"सूर्य उगवतोय!" चिमणी ताडकन उठली. "दुपारी एकला कसा उगवेल? दादा, खाली बारीक अक्षरात काय लिहिलंय बघ!"

"जागतिक वेळ. बापरे! आपलं घड्याळ तिच्या साडेपाच तास पुढे चालतं. म्हणजे तिथे अडीच, तेव्हा आपल्याकडे..."

"सकाळचे आठ!" तिघंही एकदम ओरडले.

तिघं धावत नगरपालिकेत गेली. सगळं ऐकून निरीक्षकांनी मात्र चष्म्यावरून त्यांच्याकडे बघितलं. "वीस वर्षं नोकरी केलीय मी. आता तुम्ही मला शिकवणार?"

चिमणीला असा राग आला! "नका ऐकू, साहेब! पण आज वणव्यातून दुसरा पट्टा निघालाय. चित्रात तो तासाला दोन बोटं सरकतोय आणि गाव आठ बोटांवर आहे. आता बारा वाजलेत. चार वाजता धूर येणार! भट्टी थंड आहे. तुम्ही स्वतः तिथे उभे राहा."

"आणि नाही आला तर?"

चिमणीने कंबरेवर हात ठेवले. "तर लावा सील. आम्ही हूं की चूं करणार नाही."

तिघांनी दारोदार फिरून सगळ्यांना खिडक्या लावून घ्यायला सांगितलं. चार वाजता निरीक्षक बेकरीत हजर! त्यांनी भट्टीत हात घालून बघितला. आत गारठा होता. बाहेर आभाळ स्वच्छ. चार वाजून पाच मिनिटं झाली. मग दहा.

"जाऊ दे गं चिमणे," मामा हळूच म्हणाला. "तुम्ही एवढं केलंत, खूप झालं." चिमणीचे डोळे भरून आले.

तेवढ्यात निरीक्षक खोकले! एकदा, दोनदा, मग थांबेचनात. समोरची पाण्याची टाकी बघता बघता धुरकट झाली.

"आला! आला!" शेंगदाणा नाचायला लागला. धूर आला म्हणून एवढा आनंद झालेला मुलगा गल्लीने प्रथमच पाहिला.

निरीक्षकांनी रुमाल नाकाला लावला आणि नोटीस टराटरा फाडली. "चूक माझी," ते म्हणाले. "वेळ वाचली, पण कुठली ते वाचलं नाही. आणि पोरांनो, आज तुमच्यामुळे गल्लीतल्या खिडक्या वेळेवर लागल्या. शाब्बास! उद्याच्या पहिल्या पावाचा मान तुमचा. दुसरा मात्र माझा हं!"

मामाने तिघांना एकदमच कवेत घेतलं. मग डोळे पुसत, मिस्कील हसत त्याने विचारलं, "जरूर या, साहेब! पण किती वाजता? आपल्या घड्याळाने की जागतिक वेळेने?"