तंद्रेचे वाहक

केळव्यासमोरच्या तरंगत्या शहरात लग्नाआधी गुणसूत्र-पत्रिका काढावीच लागे. मधुकर चुरी ती बघायला आले, ते निर्णय घरूनच घेऊन. डॉ. शाल्मली खोतांनी ते त्यांच्या बसण्यावरूनच ओळखलं. खुर्चीच्या कडेवर टेकलेले, पाय दाराकडे वळलेले. शेजारी पत्नी सुहासिनीबाई, आणि लेक केतकी. काचेच्या फरशीखाली समुद्र हलत होता. खोलीभर हिरवट उजेड डुलत होता.

"पागधऱ्यांचा निनाद तंद्रा जनुकाचा वाहक निघाला ना? मग विषय संपला. आमचं घराणं स्वच्छ आहे," मधुकरराव म्हणाले.

केतकीचा चेहरा उतरला. निनादशिवाय तिला दुसरा कोणी नको होता.

"वाहक म्हणजे काय, ठाऊक आहे काका?" डॉक्टरांनी विचारलं.

"मंगळासारखंच काहीतरी असणार."

"अजिबात नाही. प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईकडची, एक वडिलांकडची. दोन्ही तंद्रेच्या असतील, तरच माणसाला जागेपणी स्वप्नं दिसतात. एकच असेल तर ती आयुष्यभर गप्प बसते. असा माणूस वाहक. त्याला स्वतःला काही होत नाही, काही कळतही नाही."

"पण पुढच्या पिढीत जाते ना? मग नकोच!"

डॉक्टरांनी केतकीची पत्रिका पुढे सरकवली. "हिच्याकडे दोन्ही प्रती आहेत."

मधुकरराव उसळले. "यंत्र बिघडलंय तुमचं!"

"नाही हो बाबा," केतकी हळूच म्हणाली. "मला दिसतं. लहानपणापासून. मला वाटायचं, सगळ्यांनाच दिसतं."

मधुकररावांनी बायकोकडे बोट केलं. "तुमच्या माहेरचं हे!"

"त्यांच्याकडून एकच आली," डॉक्टर म्हणाल्या. "आईकडून दोन येत नाहीत, काका."

मधुकरराव बोटांवर हिशेब करू लागले. एक... आणि मग दुसऱ्या बोटाशी अडकले.

"म्हणजे आपण दोघंही वाहक," सुहासिनीबाई पदर सावरत म्हणाल्या. "बत्तीस वर्षं झाली. आता आपलंही मोडायचं का?"

उजेड भिंतीवरून सरकत राहिला. मधुकरराव पाठ टेकून नीट बसले. मग लेकीकडे वळून त्यांनी विचारलं, "आत्ता काय दिसतंय गं तुला?"

"तुमच्या खांद्यावर बगळा बसलाय. हलू नका."

मधुकररावांनी श्वाससुद्धा रोखून धरला.