वरून इशारा नाई आला

सिंदी मेघेतल्या मंगल कार्यालयाच्या आवारात अश्वजितने क्रेन उभी केली, तिचे चारही पाय पसरले आणि चहा मागवून खाली उतरला. तेवढ्यात हेल्मेट घातलेल्या एका मुलीने क्रेनच्या मागच्या पायाशेजारी सब्बल, म्हणजे लोखंडी पहार, ठोकली. फरशीच्या फटीतून ती हातभर आत गेली.

"क्रेन काढा इथून," मुलगी म्हणाली.

ही मोनाली. सेलूची, एसी बसवणाऱ्या कंपनीची इंजिनिअर. छतावर दोन टनांचं मशीन चढवायचं होतं, आणि स्वतःच्या जबाबदारीवरचं हे तिचं पहिलंच काम. साहेबांनी सकाळी फोनवर बजावलं होतं, आज मशीन वर गेलं नाही तर उद्यापासून ऑफिसात फाइली सांभाळा.

मालक प्रभाकररावांनी कबूल केलं की तिथे विहीर होती. पण ती वीस वर्षांपूर्वीच बुजवली, वरून कितीतरी वराती नाचून गेल्या, कुणी खचलं नाही.

"वरातीत एकेका पायावर दहा टन नसतात, काका."

अश्वजित मान खाली घालून हसला. मोनालीने ते टिपलं. माणूस भेटला की मनात चांगल्या-वाईटाचे दोन रकाने आखायची तिला सवयच होती. उजवीकडे लिहिलं, उलट बोलत नाही. डावीकडे, चहा स्वतःपुरताच मागवतो. पण तेवढ्यात दुसरा कप तिच्यापुढे आला आणि डावा रकाना पुसावा लागला.

"विहीर कशी ओळखली, मॅडम?"

"तेवढीच फरशी नवी दिसली. तुम्हाला नाही दिसली?"

"मी फरशीकडे कुठं पाहून राह्यलो होतो..."

मोनालीने हातातल्या कागदात डोकं घातलं. कागद उलटा होता.

क्रेन दुसऱ्या बाजूला, पक्क्या जमिनीवर, पायांखाली जाड लाकडी ठोकळे घालून उभी राहिली. पण तिथून छत लांब पडलं. अश्वजितने केबिनमधला तक्ता पाहिला. एवढ्या अंतरावर क्रेन सतराशे किलोच उचलणार होती.

दहा वाजले होते. अकरानंतर वारा सुटतो. मोनाली तक्त्याकडे पाहत राहिली, मग ऑफिसची भाषा सोडून हळूच म्हणाली, "तीनशे किलोच त जास्त आहे... उचलन न?"

हो म्हटलं असतं तर निदान अर्धा तास तरी तो तिच्यासाठी राजा झाला असता.

"उचलन," अश्वजित म्हणाला. "एखाद्या वेळी नाई उचलन. तवा खाली कोण असन, मले माहीत नाई. मी नाई उचलत."

"आज नाई झालं त मले ऑफिसात बसवतीन."

"बसवू द्या. तुमचा राग चालन मले... तुमच्या अंगावर मशीन नाई चालन."

तिने पाठ फिरवली. डोळे पुसले, आणि रागारागाने मशीनला एक फेरी मारली. फेरी संपता संपता थांबली. एकाच लोखंडी चौकटीवर दोन डबे होते, नुसत्या बोल्टांनी जोडलेले.

"पाना आणा," ती म्हणाली. "सुटे करू. दोन खेपा."

गंजलेले बोल्ट अश्वजितने तिच्या शेजारी बसून सोडवले. पाना एकच होता, म्हणून खांदे लागत होते. दुसरा पाना मागायचं दोघांनाही सुचलं नाही.

मोनाली छतावर गेली. खाली माणसं दोरीपलीकडे उभी केली. पहिला डबा जमिनीपासून वीतभर उचलून थांबवला, पट्टे तपासून घेतले, मगच तिने वर घेण्याची खूण केली. प्रभाकरराव खालून सूचनांवर सूचना देत होते; अश्वजित मात्र फक्त तिच्या हातांकडे पाहत होता. तिच्या हातांकडे इतकं एकटक कधी कुणी पाहिलं नव्हतं. बोट जरा थांबलं की टनभर लोखंड हवेत थांबायचं...

दुसऱ्या खेपेला वारा सुटलाच. डबा झुलू लागला. तिने मूठ मिटली, क्रेन जागीच थांबली. खालच्या दोन मजुरांनी डब्याला बांधलेला दोर लांबूनच ताणून धरला. किती वेळ गेला कुणास ठाऊक. डबा शांत झाल्यावर अश्वजितने तो छतावर असा टेकवला, की आवाजही झाला नाही.

आता शेवटचा इशारा तेवढा राहिला होता. दोन्ही हात समोर गुंफायचे, म्हणजे काम संपलं. त्याशिवाय चालक क्रेन आवरत नाही. मोनालीने हात गुंफलेच नाहीत.

काऊन थांबले, म्हणून प्रभाकररावांनी विचारलं.

"वरून इशारा नाई आला," अश्वजित म्हणाला.

मोनाली जिना उतरून केबिनपाशी आली. धाप लागली होती तिला.

"इशारा काऊन नाई दिला, मॅडम?"

"दिला असता... त तुम्ही गेले असते."

नऊ वर्षं क्रेन चालवणाऱ्या माणसाला स्वतःचे हात कुठे ठेवावेत ते कळेना.

"मंग रविवारी... आईले घेऊन येऊ सेलूले?"

"पहिले एकटे येजा," ती म्हणाली. "आईले कवा आणायचं, ते मी सांगन."

मग तिने त्याच्यासमोर हळूच दोन्ही हात गुंफले. क्रेन आवरायची सोडून तो त्या हातांकडेच पाहत बसला.